मंगळवारची मराठी

परदेशी माणसाला मराठी शिकवायची तर आधी त्याची जीभ बघावी लागते. पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्याला समोर बसवून 'ळ' म्हणायला लावायची. जीभ वर वळवा, टोक टाळूला लावा, आता सोडा. कोणी 'ल' म्हणायचं, कोणी 'र'. एका इटालियन सिस्टरच्या तोंडून दर वेळी 'ड' निघायचा आणि फळवाल्याकडे जाऊन ती सहा 'केडी' मागायची. मग मी तिच्या हातात आरसा द्यायची आणि तिची जीभ तिलाच दाखवायची. आतल्या खोलीतून माझे यजमान श्रीधर त्यांच्या मालवणीत म्हणायचे, "दातांचो दवाखानो सुरू झालो."

हे काम मी सव्वीस वर्षं केलं. सकाळच्या अधिवेशनात परळच्या एका शाळेत मराठी शिकवायची आणि दुपारी घरी हे विद्यार्थी. सुरुवात ठरवून झाली नाही. एक वयस्कर फादर आमच्या मुख्याध्यापकांकडे आले होते. त्यांच्याकडे नवीन आलेल्या एका तरुण ब्रदरला मराठी शिकवील असं कोणी हवं होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. माझी दुपार मोकळी होती, इंग्रजी जेमतेम होतं आणि कुतूहल भरपूर होतं. मी हो म्हटलं. त्या ब्रदरने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्या संस्थेतल्या सिस्टरला, आणि बघता बघता आमच्या दोन खोल्यांच्या घराबाहेर दुपारी तीन वाजता परदेशी चपला दिसायला लागल्या. दोन-तीन वर्षांसाठी आलेली ही तरुण माणसं. कोणाला शिवडीच्या वस्तीत काम करायचं असे, कोणाला नायगावात मुलांचा अभ्यास घ्यायचा असे, कोणी पुढे डहाणूकडे जायचे. तत्पूर्वी सहा महिने मराठी, आणि ती माझ्याकडे.

लोकांनी विचारायचं ते विचारलंच. आमच्या मंडळाच्या बैठकीत एकाने सगळ्यांसमोर म्हटलं, "टीचर, तुम्ही या मिशनऱ्यांना मराठी शिकवता. उद्या ते आपल्याच पोरांना बाटवणार. तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं," मी म्हटलं. "म्हणून माझ्या घरी एक नियम आहे. येशूवर धडा नाही आणि गणपतीवरही नाही. बाजार, दवाखाना, पाहुणे, आजारपण, एवढंच."

तो नियम मी पाळला. एका विद्यार्थ्याने श्रीधरच्या हातात धर्माची पुस्तिका ठेवली तेव्हा त्याच दिवशी त्याची शिकवणी बंद केली. पण खोटं कशाला सांगू, तो प्रश्न मला पुरता झटकता कधीच आला नाही. शिकवलेल्या भाषेत पुढे कोण काय बोलणार, यावर शिकवणाऱ्याचा ताबा नसतो.

या कामात गमतीही पुष्कळ झाल्या. बेल्जियमचे एक फादर तिकडेच शंभर वर्षांपूर्वीच्या व्याकरणावरून मराठी शिकून आले होते. परळच्या भाजीवालीपुढे उभे राहून ते म्हणाले, "हे भगिनी, मजला अर्धा शेर वांगी दे." भाजीवालीने वांगी दिली आणि नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "टीचर, ह्यांना नाटकात काम मिळालंय काय?" त्यांची ती मराठी उतरवून त्यांना 'काय भाव?' पर्यंत आणायला मला चार महिने लागले.

एक कोरियन मुलगा होता, फार अदबशीर. मराठीत आईला 'तू' म्हणतात आणि देवालाही 'तू' म्हणतात, हे सांगितल्यावर त्याने पेन्सिल खाली ठेवली. त्याच्या भाषेत देवासाठी सगळ्यात आदराची रूपं राखून ठेवलेली. "बाई," तो म्हणाला, "बँकेतल्या माणसाला 'तुम्ही' आणि देवाला 'तू'?"

"ज्याच्याशी भांडता येतं त्याला 'तू'," मी म्हटलं.

पुढचे आठ दिवस तो आला नाही. मग आला आणि म्हणाला, "मी करून बघितलं. आधी भीती वाटली. आता बरं वाटतं." ते त्याचं पहिलं बिनचूक मराठी बोलणं. मी त्याला जिलबी खायला घातली.

माझी शिकवण्याची पद्धत साधी होती. भूतकाळ शिकवून झाला की दर मंगळवारी विद्यार्थ्याने गेल्या आठवड्याची गोष्ट वहीत लिहून आणायची आणि मला वाचून दाखवायची. मंगळवारपासून सोमवारपर्यंत, रोजची दोन-तीन वाक्यं. मी लाल पेन घेऊन बसायची आणि चुका सांगायची. त्यात सगळी क्रियापदं येतात, वेळा येतात, जागा येतात. आणि वर्ष-दोन वर्षं या माणसांचे आठवडे ऐकून मला हेही कळलं, की मिशनरी म्हणजे आपल्याला वाटतं तसं कोणी हातात पुस्तक घेऊन फिरणारं माणूस क्वचितच असतं. त्यांचा बहुतेक आठवडा कपडे धुण्यात, रांगेत उभं राहण्यात आणि घराची वाट बघण्यात जातो.

हे मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मारिसेलने. सव्वीस वर्षांतली माझी शेवटची विद्यार्थिनी.

मारिसेल फिलिपीन्समधल्या एका बेटावरची, मासेमारांच्या गावातली. चोवीस वर्षांची सिस्टर. शिवडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या चार जणींचं छोटंसं घर होतं. पहिल्या दिवशी दार उघडलं तर तिने नमस्कार केला नाही, हातही मिळवला नाही. खाली वाकून माझा उजवा हात उचलला आणि आपल्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असंच करतात. मग श्रीधरचा हात उचलला. ते एवढे गोंधळले, की दुसऱ्या हातातला चहाचा कप तिच्या डोक्यावर कलंडता कलंडता राहिला. तिच्या भाषेत मोठ्यांशी बोलताना वाक्याच्या शेवटी आदराचा एक शब्द लावतात. मराठीत तसा शब्द सापडेना तेव्हा तिने 'बाई' लावायला सुरुवात केली. 'मी कपडे धुतले बाई.' 'पाऊस आला बाई.' श्रीधरशी बोलतानासुद्धा. "मी जेवले बाई," असं ती त्यांना म्हणाली की ते गंभीरपणे मान डोलवायचे.

तिचा आठवडा मला अजून पाठ आहे. सोमवारी कपडे धुणं आणि बाजार. मंगळवारी आणि गुरुवारी माझी शिकवणी. बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी धर्मशाळा. परळला कॅन्सरच्या उपचारांसाठी राज्यभरातून माणसं येतात. पेशंट आत असतो आणि घरची माणसं जवळपासच्या धर्मशाळेत. रविवारी सकाळी चर्च आणि दुपारी जेवणानंतर घरी फोन. आठवड्यातून एकदाच, अर्धा तास. तो त्यांचा नियम होता, निदान नव्या मुलींसाठी.

मी एकदा तिला विचारलं, "धर्मशाळेत तुझं काम काय गं? धर्माचं काही सांगतेस?"

"नाही बाई. मी रांगेत उभी राहते."

आणि खरोखर तेच. केस-पेपरची रांग, रक्ताच्या रिपोर्टची रांग, औषधांची रांग. गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिथे तास न् तास उभं राहवत नसे. ती त्यांच्या जागी उभी राहायची, नंबर आला की त्यांना बोलवायची. उरलेल्या वेळात कोणाची वेणी घालून दे, कोणाचं पोर सांभाळ.

तिथे तिला शेवंताबाई भेटल्या. हिंगोलीकडच्या, साठीच्या, मोठं कुंकू लावणाऱ्या. त्यांच्या नवऱ्याला घशाचा कॅन्सर होता, पाच महिने त्या तिथेच मुक्काम करून होत्या. त्यांना मारिसेलचं नाव म्हणता येईना म्हणून त्या तिला 'माय' म्हणत आणि मारिसेलला त्यांचं नाव म्हणता येई म्हणून ती सारखं म्हणे. लवकरच तिच्या वहीत तिकडची भाषा यायला लागली. 'शेवंताबाई काऊन रडायल्या ते मला कळलं नाही.' मी 'काऊन' खोडून 'का' केलं, 'रडायल्या'चं 'रडत होत्या' केलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा 'काऊन'.

"हे अशुद्ध नाही," मी तिला समजावलं, "पण आधी प्रमाण भाषा पक्की कर."

"शेवंताबाई म्हणतात, तुमची मराठी शाळेतली आहे बाई."

मला राग आला होता, थोडा. शिक्षकाला आपला विद्यार्थी दुसऱ्याकडून शिकलेला आवडत नाही. कबूल करते.

एका गुरुवारी श्रीधर लालबागहून सुके बांगडे घेऊन आले आणि शिकवणी चालू असतानाच त्यांनी ते तव्यावर टाकले. वास बाहेर आला. मारिसेल वाक्याच्या मध्येच थांबली. मला वाटलं, वास सहन होत नसेल. खिडकी उघडायला उठले तर ती म्हणाली, "नको बाई, उघडू नका." मग तिने सांगितलं. तिचे वडील मासे पकडायचे. पहाटे होडी यायची, आई मासे चिरून उन्हात घालायची आणि घरातल्या भातापासून उशीपर्यंत सगळ्याला हाच वास. सिस्टर झाल्यापासून तिला तो वास आला नव्हता. त्या दिवशी आमच्याकडे ती दोन वेळा भात घेऊन जेवली. पुढच्या मंगळवारी वहीत वाक्य होतं, 'गुरुवारी मी घरी जेवले.'

"'बाईंच्या घरी' लिही," मी म्हटलं.

तिने वहीकडे बघितलं. "असू दे बाई," म्हणाली. मी तरी 'बाईंच्या' असं लाल शाईत वर लिहिलंच.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

धर्मशाळेत एक माणूस दगावला. मारिसेलने त्याच्या पुतण्याला जाऊन सांगितलं, "तुमचा काका मेला." तो पुतण्या तिच्या अंगावर ओरडला. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. म्हणून मी तो सबंध गुरुवार या एकाच गोष्टीवर घालवला. मांजर मरतं, डास मरतो. आपली माणसं वारतात. बाबा, काका, आजी यांना आदरार्थी बहुवचन. आणि सगळ्यात हळुवार शब्द 'गेले'.

"'गेले' म्हटल्यावर 'कुठे' असं विचारतात का बाई?"

"नाही. ऐकणाऱ्याला कळतं."

तिने सगळं लिहून घेतलं. मी गृहपाठ दिला, या क्रियापदांची पाच वाक्यं करून आण.

मंगळवारी ती नेहमीसारखी तीनला आली. माझा हात कपाळाला लावला, चटईवर बसली. मी म्हटलं, "वही उघड." ती वाचायला लागली. मंगळवारी मी बाईंकडून परत गेले. बुधवारी मी शेवंताबाईंच्या मालकांचा रिपोर्ट आणला. गुरुवारी आपण शिकलो. शुक्रवारी मी औषधाच्या रांगेत उभी राहिले, तीन तास. शनिवारी मी एका मुलीची वेणी घातली. रविवारी मी घरी फोन केला. माझा बाबा मेला.

मी लाल पेन टेकवलं. "माझे बाबा वारले," मी म्हटलं. "परवाच शिकवलं ना? वडलांना 'मेला' म्हणत नाहीत."

"माझे बाबा वारले," ती म्हणाली.

"छान. दुरुस्त कर. पुढे?"

तिने वहीत दुरुस्त केलं. अक्षर नीट काढलं. मग पुढचं वाचलं. "सोमवारी मी कपडे धुतले. विमानाचं तिकीट घेतलं नाही."

मला अजूनही कळलं नव्हतं. मी गृहपाठाचं वाक्य समजून बसले होते. 'तिकीट' शब्दाला थबकले, वर बघितलं, तर आतल्या दारात श्रीधर उभे होते. त्यांनी सगळं आतून ऐकलं होतं आणि त्यांना माझ्या आधी कळलं होतं. ते येऊन तिच्या शेजारी चटईवर बसले. गुडघे दुखतात म्हणून एरवी ते खाली बसत नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चेडवा, कधी गेले गो बाबा?"

"शनिवारी बाई," ती त्यांना म्हणाली. "होडी ओढताना."

ती रडली नाही. पेन माझ्या हातातच होतं. ते खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

हळूहळू बाकीचं कळलं. त्यांच्याकडे माणूस गेलं की लगेच पुरत नाहीत. घरातच ठेवतात, रोज रात्री शेजारीपाजारी जागतात, लांबची मुलं यायची वाट बघतात. तिचा एक भाऊ दुबईहून निघाला होता. आई फोनवर म्हणाली होती, आम्ही पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो, तू ये. पण मारिसेलचे इथे राहण्याचे कागद नूतनीकरणासाठी गेलेले होते. मधेच देश सोडला तर तो अर्ज रद्द होणार आणि पुन्हा इथे यायला मिळेल याची खात्री नव्हती. शिवाय शेवंताबाईंच्या नवऱ्याचे शेवटचे दिवस चालले होते आणि तिने त्यांना शब्द दिला होता, की मी तुमच्याबरोबर आहे.

"तू जा," मी म्हटलं. "शब्दाचं काय घेऊन बसलीस? तुझा बाप गेलाय."

"मिशनला येताना मी म्हटलं होतं, मी घर मागे ठेवते," ती म्हणाली. "सोपं असतं तेव्हाच फक्त मागे ठेवायचं का बाई?"

मला तिच्या त्या व्रताचाच राग आला. तिची शिकवणी दीड तासाची असे. त्या दिवशी ती बरोबर दीड तास बसली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या मोठ्या सिस्टरला भेटले. त्या मंगळूरच्या, बोलायला रोखठोक. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्या म्हणाल्या, "मी तिला अडवलेलं नाही. जा म्हटलं, सगळी व्यवस्था मी बघते म्हटलं. तीच नाही म्हणते. तुम्ही तिच्या टीचर ना? तुम्हीच सांगा."

तिथून मी धर्मशाळेत गेले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. तिच्या वहीत मी ती जागा इतक्या वेळा वाचली होती, की जिना, पाण्याची टाकी, वाळत घातलेली लुगडी, सगळं ओळखीचं वाटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात एक बाई भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून मारिसेल रडत होती. हुंदके देऊन, मोठ्याने, तिच्या भाषेत काहीतरी बोलत. मी पुढे झाले तशी त्या बाईने हाताने मला थांबवलं.

"मास्तरीणबाई ना तुम्ही? बसा. रडू द्या लेकराला."

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? तिच्या बोलीत बोलायली." शेवंताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "सकाळपासून मराठीतच सांगायली सगळ्यायला. बाबा वारले, बाबा वारले. परक्या बोलीत कुठं रडू येतंय? मी म्हणलं, माय, तुझ्या आईसंगं बोलतीस तसं बोल. मला नाही कळलं तरी चालतंय."

मी तिथे जमिनीवर बसले. काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून ऐकत राहिले. एकही शब्द कळत नव्हता. 'तातय' एवढाच कळला, कारण तो पुन्हा पुन्हा येत होता आणि तो वडलांसाठीच असणार.

ती शांत झाल्यावर शेवंताबाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता ऐक. तू जायचं."

"तुम्ही एकट्या आहात."

"मी एकटी कशानं? ही एवढी माणसं हायेत. आणि माझा धनी काही तू थांबलीस म्हणून थांबायचा नाही. त्याची वेळ आली की तो जाईल. तुझा बाप मात्र तुझ्यासाठी थांबलाय. मेल्यावर सुदीक थांबलाय. असा बाप कोणाला मिळतोय?"

मारिसेल माझ्याकडे बघायला लागली. मी 'मेल्यावर' या शब्दाला काही म्हणते का, हे ती बघत होती असं मला वाटलं. कदाचित माझ्या मनातलं पाप असेल.

"जा," मी म्हटलं.

गुरुवारी, शिकवणीच्या दिवशी, ती निरोप घ्यायला आली. हातात लहानशी बॅग होती. वही माझ्याकडे दिली. "परत येईन तेव्हा पुढचं लिहीन," म्हणाली. श्रीधरचा हात कपाळाला लावला आणि या वेळी ते गोंधळले नाहीत. हात तिथेच ठेवून राहिले.

ती वेळेवर पोचली. वडलांना मातीत ठेवताना सगळी भावंडं हजर होती. पण परत यायला तिला मिळालं नाही. अर्ज रद्द झाला, दुसरा केला, तो परत आला. दोष कोणाचाच नव्हता, तसे नियमच असतात. वर्षभर घराजवळच्या एका शाळेत काम करून ती मोझांबिकला गेली. आता तिथे पोर्तुगीज शिकते आहे.

शेवंताबाईंचे यजमान ती गेल्यानंतर नवव्या दिवशी गेले. गावी परतण्याआधी शेवंताबाई पत्ता शोधत आमच्या घरी आल्या. त्यांना मारिसेलला निरोप द्यायचा होता. मी मोबाइलवर आवाज कसा रेकॉर्ड करायचा ते दाखवलं. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

"माय, तुझा मामा गेला. तरास नाही झाला. तू गेलीस ते बरं केलंस. बापाचं तोंड बघितलंस ना?" त्या थांबल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बोलत काऊन नाही ती?"

"ती नंतर ऐकेल," मी सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि मोबाइलला म्हणाल्या, "नंतर ऐक मग."

त्यानंतर मी नवा विद्यार्थी घेतला नाही. खरं तर आलेच नाहीत. आता परदेशातून येणारी अशी माणसं फार कमी झाली, आणि येतात ती मोबाइलवरच भाषा शिकतात. 'ळ'सुद्धा शिकवतो म्हणे तो. परवा एका ओळखीच्या सिस्टरने सांगितलं, तिकडे चूक झाली की लाल फुली येते आणि दुरुस्त केल्यावर टाळ्या वाजतात. माझ्याकडे ती वही आहे. 'माझा बाबा मेला' हे वाक्य, त्याखाली माझी लाल रेघ आणि बाजूला तिने नीट अक्षरात लिहिलेलं शुद्ध वाक्य. सव्वीस वर्षांत मी हजारो चुका दुरुस्त केल्या असतील. त्यांतली एवढी एक दुरुस्ती मला परत घेता आली तर हवी आहे.

मारिसेल अजून दर मंगळवारी मला गेल्या आठवड्याची गोष्ट पाठवते. आवाजात, तिकडची सकाळ संपता संपता, आमच्याकडे तीनच्या सुमाराला. श्रीधर आणि मी चहा घेऊन ऐकतो. तिची क्रियापदं आता गंजायला लागली आहेत, मध्येच पोर्तुगीज शब्द येतात, 'काल' आणि 'उद्या' यांची अदलाबदल होते. रांगा तिथेही आहेत.

गेल्या महिन्यातला निरोप नेहमीसारखाच सुरू झाला. बुधवारी दवाखाना, शनिवारी मुलांना गाणी शिकवली, सोमवारी कपडे धुतले. मग बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ती म्हणाली, "बाई, इथं करमना."

श्रीधरने कप खाली ठेवला.

हे क्रियापद मी तिला शिकवलं नव्हतं. कोणालाच पहिल्या वर्षात शिकवत नसे. त्याला कर्ता नाही, ते कोणी करत नाही, ते आपोआप होतं किंवा होत नाही. परक्याला समजावणं अवघड. त्या व्हरांड्यात पाच महिने घरापासून लांब बसलेल्या एका बाईच्या तोंडून तिने ते ऐकलं असणार, आणि त्याच रूपात उचललं असणार. प्रमाण भाषेत 'करमत नाही' किंवा 'करमेना'.

मी उत्तर रेकॉर्ड करायला बटण दाबलं. इतक्या वर्षांच्या सवयीने 'करमेना' जिभेवर आलंच होतं. श्रीधर माझ्याकडे बघत होते.

"हो गं," मी म्हटलं. "मलाही करमना."